लोकरी कुत्रा दारी आणण्यापूर्वी

कुत्रा ही विकत आणावयाची वस्तू आहे, असे बीदर-कलबुर्गीकडच्या एखाद्या खेड्यात मागच्या पिढीस कोणी सांगितले असते, तर तिला हसू आवरले नसते. कुत्रा आपला आपण येई. कोणाच्या तरी कडब्याच्या गंजीआड कुत्री व्याली की मुले एक पिलू उचलून आणीत, आजी त्याच्यापुढे ज्वारीच्या भाकरीचा तुकडा टाकी, आणि महिन्याभरात ते पिलू अंगणाचे मालक होऊन बसे. त्याची जात कोणी विचारीत नसे. रात्री ते वेळेवर भुंकले म्हणजे झाले.

आता दिवस पालटले आहेत. आपली मुले बंगळूर, हैदराबाद, पुणे अशा शहरांत नोकरीस गेली, तेथे संसार थाटून राहिली, आणि तेथल्या चालीरीतींबरोबर तेथले कुत्रेही आपल्या घरांत येऊ लागले. त्यांपैकी एकाचे नाव लॅब्राडूडल. लॅब्राडॉर आणि पूडल ह्या दोन जातींच्या संकरातून हा कुत्रा होतो. दिसावयास तो मोठा गोजिरा असतो. अंगावर कुरळी लोकर, डोळ्यांवर झुलपे, स्वभाव माणसांत रमणारा. त्याच्याविषयी विकणारे हमखास एक गोष्ट सांगतात: ह्याचे केस गळत नाहीत, म्हणून ज्या घरी दमा आहे, शिंका आहेत, त्या घरीही हा खुशाल चालतो. ह्या एका वाक्यावर विसंबून किती कुटुंबे पैसा मोजतात व पुढे कष्टी होतात, हे आम्ही अगदी जवळून पाहिले आहे. म्हणूनच वाचकांपुढे चार शब्द मांडण्याचे योजिले.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी व त्यांच्या पत्नी राहतात. त्यांनीही अनेक वर्षे शाळेत शिकविले असल्याने सारा गाव त्यांना बाई म्हणतो. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. नातू आठ वर्षांचा, हुशार पण नाजूक. थंडी पडली की त्याची छाती घरघरते. त्याला कुत्र्याचा फार लळा. आईबापांनी बरेच दिवस नाही म्हटले. शेवटी वर सांगितलेले वाक्य त्यांच्या कानी पडले, आणि एका दुभत्या गाईच्या किमतीजवळ जाणारी रक्कम मोजून त्यांनी एक लॅब्राडूडल पिलू घरी आणले. पहिला आठवडा आनंदात गेला. पुढे मुलाचे डोळे लाल होऊ लागले, रात्रीचा खोकला वाढला. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मुलगा आणि कुत्रा एका बंद घरात राहू शकत नाहीत. विकणाऱ्याने पिलू परत घेण्यास नकार दिला. मग अशा वेळी शहरातल्या घरांना जो मार्ग सुचतो तोच सुचला: गावी आजीआजोबा आहेत, अंगण मोठे आहे, तेथे सोडू. नाताळच्या सुटीत मोटारीतून कुत्रा आला. सुटी संपली, मोटार परत गेली, कुत्रा राहिला.

मुलाच्या आईबापांस दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी प्रेमापोटीच केले. परंतु ज्या माणसाने हा संकर प्रथम नावारूपास आणला त्याची हकीकत त्यांना कोणी सांगितली असती, तर त्यांनी वेगळा विचार केला असता.

ती हकीकत अशी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात अंध व्यक्तींसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. तेथे पिलांच्या पैदाशीचे काम वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ पाहत असत. हवाई बेटांतील एका अंध स्त्रीने संस्थेकडे कुत्रा मागितला. अडचण ही की तिच्या पतीस कुत्र्यांचे वावडे होते. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉनरन यांनी प्रथम अनेक पूडल पारखून पाहिले, पण वाटाड्याच्या कामास एकही उतरेना. तेव्हा १९८९ साली त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिले झाली. आता पुढचे नीट ध्यानात घ्यावे. कॉनरन यांनी तिन्ही पिलांचे थोडे केस व लाळ हवाईला पाठवून दिली. त्या पतीस त्यांपैकी एकाच पिलाचा त्रास झाला नाही. त्या पिलाचे नाव सुलतान. तोच पुढे शिकून त्या घरी गेला.

आईबाप तेच, वेत तेच, तरी तिघांतून एक निवडावा लागला. निवडला तो नावावरून नव्हे, तर ज्या माणसाबरोबर त्याला राहावयाचे होते त्याच माणसाची परीक्षा घेऊन. उरलेली दोन पिले संकरित म्हणून कोणी घेईना, तेव्हा त्यांना लॅब्राडूडल हे नवे नाव देऊन जाहीर केले गेले, आणि पाहता पाहता मागणी वाढली. परीक्षा मागे राहिली, नाव तेवढे बाजारात फिरले. स्वतः कॉनरन यांनी २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेशी बोलताना आपल्या ह्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला, कारण त्या नावाखाली कोणीही कसलीही पैदास करू लागले होते.

पुष्कळांची अशी समजूत असते की वावडे केसांचे असते. तसे नाही. कुत्र्याची लाळ, त्वचेवरचा कोंडा व मूत्र यांत काही प्रथिने असतात. वावडे असते ते त्या प्रथिनांचे. केस केवळ त्यांना वाहून नेतात. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचा सूक्ष्म कण हवेत मिसळतो. केस न गळणाऱ्या कुत्र्यासही जीभ असते आणि कातडीही असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लॅब्राडूडल, पूडल यांसारखे निर्धोक म्हणविले जाणारे कुत्रे व इतर कुत्रे यांची तुलना केली. निर्धोक म्हणविणाऱ्यांच्या केसांत ते प्रमुख प्रथिन कमी तर नव्हतेच, उलट अधिक आढळले. लॅब्राडूडलच्या घरी जमिनीवरील धुळीत ते थोडे कमी होते खरे, पण घरातील हवेत काहीच फरक दिसला नाही. आणि श्वास घ्यावयाचा तो हवेतूनच.

म्हणून ज्या घरी दम्याचा रोगी आहे त्या घराने प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांनी मोडता घातला नाही, तर जो कुत्रा घ्यावयाचा त्याच कुत्र्याच्या सहवासात, बंद खोलीत, निरनिराळ्या दिवशी तास-दोन तास बसून पाहावे. पिलू लहान असताना त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही, असेही नाही. एवढे करण्याची तयारी नसेल, तर मुलास वचन देऊ नये. आणलेला कुत्रा घरातून काढावा लागतो तेव्हा मुलास जे दुःख होते, ते न आणण्याच्या दुःखाहून कितीतरी मोठे असते.

आता संकराविषयी. आपण शेतकरी माणसे. संकरित हा शब्द आपणांस नवा नाही. १९६४ साली सी. एस. एच. १ ही भारतातील पहिली संकरित ज्वारी आली, तेव्हापासून संकरित बी दर वर्षी नवे घ्यावे लागते, हे आपण जाणतो. घरचे बी राखून पेरले तर एक ताट उंच, एक ठेंगणे, एक कणीस भरलेले, एक पोचट. कुत्र्यांतही निसर्गाचा नियम निराळा नाही. लॅब्राडॉर व पूडल यांच्या पहिल्या संकरातील पिले त्यातल्या त्यात सारखी असतात, तरी त्यांतली बरीचशी थोडेफार केस गाळतातच. आणि त्या संकरित कुत्र्यांचीच पुन्हा आपसांत पैदास केली, म्हणजे कोणते पिलू कोणावर जाईल याचा नेम राहत नाही. एकाचे केस लोकरीसारखे दाट, दुसऱ्याचे सरळ व गळणारे. वजन वीस किलो भरेल की तीस, हेही पिलू पाहून सांगता येत नाही.

संकरातून स्थिर जात कधीच होत नाही, असे मात्र नव्हे. आपली देवणी गाय पाहावी. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून ती झाली असे मानतात. परंतु लातूर, नांदेड, बीदरकडच्या शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्या वळू निवडून, नको ते वगळून तिला आजचे रूप दिले. तेव्हा कोठे देवणी म्हटल्यावर शिंग कसे, कान कसा, बैल कामास कसा, हे डोळे मिटून सांगता येऊ लागले. लॅब्राडूडलला तेवढा काळही मिळाला नाही आणि बहुतेक ठिकाणी तेवढी निवडही झाली नाही. भारतीय केनेल क्लबच्या मान्य जातींत तो नाही. तेव्हा ह्याचे जातिवंतपणाचे कागद आहेत असे कोणी म्हणाला, तर सावध व्हावे. संकरित आहे म्हणून रोग होत नाहीत, हे म्हणणेही टिकत नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत अशा संकरित कुत्र्यांत आणि त्यांच्या मूळ जातींत बहुतेक आजारांच्या बाबतीत फरक आढळला नाही. खुब्याच्या सांध्याचा दोष, दृष्टी हळूहळू मंदावणारा डोळ्यांच्या पडद्याचा विकार, कानाचा दाह, हे दोन्ही घराण्यांकडून येऊ शकतात. म्हणून पिलाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे व डोळ्यांची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे आणि कागद पाहावा.

गुरुजींच्या दारी आलेल्या कुत्र्याचे शहरातले नाव टॉफी होते. गावातल्या पोरांनी दोन दिवसांत त्याचे लोकऱ्या असे बारसे केले. मेंढ्या घेऊन जाणाऱ्या एका धनगराने तर थांबून, हे मेंढरू कुठल्या मुलखातले, म्हणून विचारले. हसण्यावारी काही दिवस गेले. मग आपली जमीन व आपले ऊन यांनी आपला हिसका दाखविला.

आपल्याकडे पावसाळा सरला की माळावर कुसळी गवत वाळते. त्याचे कुसळ उघड्या अंगाच्या गावठी कुत्र्यास टोचले तर तो ते दातांनी काढून टाकतो. लोकऱ्याच्या केसांत ते शिरले की आत आत जाते, कातडीत रुतते, कानात गेले तर कान सडवते. गोखरू पंजांतल्या केसांत अडकतात. गोचीड दाट लोकरीत लपून राहते, आणि तिच्यामुळे येणारा ताप कुत्र्याचा जीवही घेऊ शकतो. लोकर रोज विंचरली नाही तर तिच्या जटा होतात. जटांखाली ओल धरते व त्वचा चिघळते. बाईंना संधिवात आहे. रोज अर्धा तास वाकून विंचरणे त्यांना जमेना. मार्चअखेर कुत्र्याच्या अंगावर जटांचे कांबळेच झाले. शेवटी गुरुजींनी त्यास गुरांच्या दवाखान्यात नेऊन लोकर कातरून घेतली. तेव्हा मानेखाली रुपयाएवढी जखम निघाली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

उन्हाचेही तसेच. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. तो धापा टाकून अंगची उष्णता बाहेर टाकतो. कलबुर्गीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. बीदर पठारावर असल्याने थोडे कमी, इतकेच. अशा हवेत पत्र्याच्या छपराखाली लोकरी कुत्रा बांधून ठेवणे क्रूरपणाचे होय. केस बोटभर राखून कातरावेत, मुळापासून वस्तरा मात्र फिरवू नये, कारण उघडी कातडी उन्हाने भाजते. दर सहा-आठ आठवड्यांनी कातरणी, आठवड्यास कान तपासणे, सावली, दिवसभर भरलेले पाण्याचे भांडे, आणि फिरणे उजाडण्यापूर्वी व दिवस मावळल्यावर. फिरणे चुकवून चालत नाही. लॅब्राडॉर व पूडल दोन्ही पाण्यात उतरून शिकार आणण्यासाठी वाढविलेल्या जाती. त्यांच्या लेकरास रोज तासभर धावणे आणि काहीतरी काम हवेच. ते न मिळाल्यास तो चपला कुरतडतो, अंगण उकरतो, रात्रंदिवस भुंकतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, रिकामपण होय.

खाण्याचे सांगावयाचे तर नुसत्या दूध-भाकरीवर एवढा कुत्रा नीट वाढत नाही. त्यास अंडे, मांस किंवा तयार खाद्य लागते, आणि त्याचा महिन्याचा खर्च आधीच मांडून पाहावा. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका हे कुत्र्यास विषासमान आहेत. नाताळात मुले लाडाने केकचा तुकडा पुढे करतात, त्यांना हे अवश्य सांगून ठेवावे.

लस हा तर न टाळण्याचा विषय. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्व्हो, डिस्टेंपर यांच्या लसी सुरू होतात व चार महिन्यांचे होईतो ठरावीक अंतराने द्याव्या लागतात. पिसाळण्याची लस तीन महिन्यांनी, आणि पुढे बहुधा दर वर्षी. कुत्रा विकतचा असो वा गावठी, ह्यात सूट नाही. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. एकदा का माणसात पिसाळीची लक्षणे दिसली की रोगी वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

विकणाऱ्याविषयीही थोडे. बैल घेताना आपण माळेगावच्या यात्रेत दात पाहतो, चाल पाहतो, धन्याचे गाव विचारतो. कुत्रा घेताना मात्र भ्रमणध्वनीवरील चित्र पाहून पैसे पाठवितो. २०१७ च्या केंद्र शासनाच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते, आणि आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला मागावा. पिलाची आई डोळ्यांनी पाहावी; ती कोठे राहते, कशी दिसते, हे पाहिले की विकणाऱ्याचे मन कळते. आई दाखविण्यास जो कां-कूं करतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

कोणी म्हणेल, मग आपल्या मुलखाचाच कुत्रा का घेऊ नये? अवश्य घ्यावा. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा प्रसिद्ध आहे. २००५ साली त्याचे चित्र टपाल तिकिटावर आले. बीदरला मुख्यालय असलेल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुधोळजवळ त्याच्यासाठी संशोधन केंद्र आहे. लातूरकडे कारवानी कुत्रे आहेत. ह्यांचे केस आखूड, अंग सडपातळ, ऊन सोसणारे. पण त्यांनाही धावण्यास रान लागते, आणि वावडे असलेल्यास त्यांचीही लाळ तीच. आपला गावठी कुत्रा तर ह्या मातीचाच. म्हणजे येथेही जातीचे नाव पुरे पडत नाही. ते पिलू, ते घर आणि ती माणसे यांचा मेळ बसतो काय, हेच पाहावे लागते.

सर्वांत मोठा प्रश्न वर्षांचा आहे. असा कुत्रा बारा ते चौदा वर्षे जगतो. आज पिलासाठी हट्ट धरणारे आठ वर्षांचे मूल तेव्हा महाविद्यालय संपवीत असेल, आणि आज सत्तरी ओलांडलेले आजोबा कोठे असतील ते देवासच ठाऊक. एका संध्याकाळी ओट्यावर बसले असता लोकऱ्याच्या पाठीवर हात ठेवून गुरुजी आम्हांस म्हणाले, “आमच्यामागे ह्याचे कोण करील हो?” मुलाला त्यांनी हे कधी विचारले नव्हते, त्यास वाईट वाटेल म्हणून. आम्ही एवढेच म्हणालो, “गुरुजी, आपल्या दोन अंगणांत भिंत एकच आहे, आणि तीही कमरेइतकीच.” त्या दिवसापासून विंचरण्याचे काम आमच्या घरच्या मुलांकडे आले आहे. नातू सुटीत येतो, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उघड्या अंगणात लोकऱ्यास चेंडू टाकतो, मग हात धुऊन आत जातो. कुत्रा उंबऱ्यापाशी थांबतो. दोघांनाही आता ती रेघ कळली आहे.

पण प्रत्येक आजोबांस शेजार असतोच असे नाही. म्हणून शहरात राहणाऱ्या मुलांनो, पिलू घेण्यापूर्वी गावी फोन करा, आणि कुत्रा पाठवू का असे नव्हे, तर आम्ही घ्यावा का, असे विचारा. आणि आईबापांनो, जमणार नसेल तर आधीच स्पष्ट नाही म्हणा. पोराचे मन राखण्यासाठी हो म्हणू नका. मुक्या जिवास आपल्या भिडेची किंमत मोजावी लागते. घरातील सर्वांनी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत: कोणाच्या छातीस बाधेल काय, रोज विंचरील कोण, उन्हाळ्यात ठेवाल कोठे, आणि बारा वर्षांनी तो कोणाच्या दारी असेल. चारही उत्तरे मिळाली तर खुशाल आणावा. कुत्र्यासारखा सोबती नाही. एकाही प्रश्नाशी जीभ अडखळली, तर शेजारच्या कुत्र्यास भाकरी घालावी. त्याच्या शेपटीत तेवढाच आनंद असतो.